चार भाषा, एक वॉशिंग मशीन : शॉर्टफिल्मच्या कामाच्या नोंदी

फिल्म १४ मिनिटांची. तीन भाडेकरू एका घरात राहतात. वॉशिंग मशीन बिघडतं, दुरुस्तीचे पैसे कोणी द्यायचे यावरून तुटक इंग्रजीत भांडण होतं. मग तिघंही आपापल्या घरी फोन लावून तेच भांडण आपल्या भाषेत सांगतात : एक मराठीत, एक इजिप्तच्या अरबीत, एक मेक्सिकोच्या स्पॅनिशमध्ये. तिन्ही वेळा भांडण वेगळंच निघतं. माझी घरची भाषा मराठी, कामाची इंग्रजी, स्पॅनिश गुजराण होईल इतपत, अरबीतलं ओ की ठो कळत नाही. देश बदलत राहिल्यामुळे असली घरं आतून पाहिलेली आहेत, फिल्म मात्र पहिलीच. असंच काही करू पाहणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून नोंदी तारखेवार ठेवतेय, नंतर कळलेलं मध्ये मध्ये घातलंय.

१४ जानेवारी : खर्डा

पटकथा पूर्ण मराठीत लिहिली, कारण मला सुचतं मराठीतच. इंग्रजी भांडण मी स्वतः केलं. अरबी आणि स्पॅनिश फोन भाषांतराला पाठवले. तीन पानांचं काम, आठवड्यात येईल असं धरलंय.

३० जानेवारी : पहिलं वाचन, भाषांतर बाद

अरबी भूमिका करणारी मैत्रीण पहिल्याच ओळीला हसत सुटली. भाषांतर लेखी, प्रमाण अरबीत होतं. बातम्या, पुस्तकं, सरकारी कागद त्या अरबीत असतात. घरात मात्र प्रत्येक देशाची बोली वेगळी, आणि कैरोची मुलगी आईला फोनवर प्रमाण अरबीत सांगायला लागली तर आई आधी तिची तब्येत विचारेल. स्पॅनिशमध्येही तोच प्रकार, थोडा सौम्य. आलेलं भाषांतर स्पेनच्या वळणाचं होतं, त्यात अनेकांना उद्देशून बोलायची जी रूपं आहेत ती मेक्सिकोत बोलण्यात नसतात.

भाषांतरकारांना दोष नाही. कामाच्या वर्णनात मी नुसतं 'अरबी' आणि 'स्पॅनिश' लिहिलं होतं. पैसे पूर्ण द्यावे लागले, दिले. यापुढे भाषेच्या नावासोबत देश, शहर, बोलणाऱ्याचं वय आणि समोर कोण आहे हे लिहिल्याशिवाय काम पाठवायचं नाही.

पण बोली बदलून भागणार नव्हतं. सगळं एकदम मोठ्याने वाचल्यावर कळलं की तिन्ही फोन एकाच चालीचे आहेत. तिघंही आधी ख्यालीखुशाली विचारतात, मग आडून आडून विषयावर येतात, शेवटी 'जाऊ दे' म्हणून फोन ठेवतात. तीन देशांची माणसं कसली, तीन कपड्यांतली माझी एकच मावशी!

मग अरबी आणि स्पॅनिश फोनचे संवाद काढूनच टाकले. प्रत्येक फोनसाठी चारच गोष्टी लिहिल्या : पलीकडे कोण आहे, बोलणारीला तिच्याकडून काय हवंय, ती काय लपवतेय, आणि फोन कशामुळे संपतो. शब्द नटांचे. दोघींनी खोलीत बसून खरोखर कुणाला तरी फोन केल्यासारखं बोलायचं, मी मोबाइलवर रेकॉर्ड करायचं, त्याचं लिखाण करायचं आणि त्यातून कापायचं. अरबी फोनची आई या प्रयोगात तिसऱ्याच वाक्याला स्वतःचं रडगाणं सुरू करते आणि मुलीचं भांडण सांगायचं राहूनच जातं. मला हे जन्मात सुचलं नसतं.

९ फेब्रुवारी : तक्ता

कापलेल्या संवादांचा एक तक्ता केला. प्रत्येक वाक्याला क्रमांक, आणि चार रकाने : मूळ लिपीत वाक्य, देवनागरीत उच्चार, मराठी अर्थ, सबटायटल. तिसरा आणि चौथा रकाना मुद्दाम वेगळे. अर्थ पूर्ण हवा, सबटायटल वाचून होईल एवढंच हवं.

देवनागरी उच्चाराचा रकाना सगळ्यात कामाचा ठरेल असं दिसतंय. अरबीतले काही घशातले आवाज आपल्या लिपीत बसत नाहीत, त्यांच्याखाली टिंब देऊन मोकळी झाले. मला काही अरबी बोलायची नाही. टेक चालू असताना वाक्य कुठवर आलं हे बोट ठेवून कळलं की पुरे.

हाच क्रमांक पुढे क्लॅपवर, साउंडच्या नोंदीत, एडिटमध्ये आणि सबटायटलच्या फाइलमध्ये राहणार. मध्ये वाक्य घातलं तर ३१अ, ३१ब. आधीचे क्रमांक हलवायचे नाहीत. एकदा हलवले आणि दोन याद्या एकमेकींशी जुळेनाशा झाल्या, एक संध्याकाळ त्यात गेली.

२३ फेब्रुवारी : तालीम आणि दुभाषी

अरबी भूमिकेतली मैत्रीण इंग्रजी समजते, पण भावनेच्या जागा आल्या की अडखळते. म्हणून तिच्या ओळखीचा एक जण दुभाषी म्हणून बसवला. दोन तालमी चांगल्या चालल्यासारख्या वाटल्या, तरी फोनचा शेवट हलेना. चहाच्या सुट्टीत कळलं, की मी 'हे खोटं वाटतंय' म्हटलं की तो तिला 'छान झालं, अजून एकदा' असं सांगत होता. पाहुण्याला वाईट वाटू नये म्हणून! माणूस सज्जन, पण माझी एकही सूचना पोचत नव्हती.

त्यावर दोन बदल केले. एक, सूचना विशेषणांत द्यायच्या बंद. 'अजून हताश', 'थोडी चिडून' हे प्रत्येक भाषेत वेगळ्या जागी जाऊन पडतं. त्याऐवजी क्रियापद : 'आईला फोन ठेवू देऊ नकोस', 'पैशाचा आकडा सांगायचं टाळ'. हे दुभाष्याला मवाळ करताच येत नाही. दोन, बोलताना बघायचं नटीकडे, दुभाष्याकडे नाही, आणि एका वेळी एकच वाक्य.

भाषा न येता दिग्दर्शन करणारी मी काही पहिली नाही. फ्रांत्स ऑस्टेन यांनी १९३०च्या दशकात बॉम्बे टॉकीजसाठी हिंदी न येता हिंदी चित्रपट केले. एलिस आर. डंगन यांनी १९३६ पासून पुढे तमिळ न येता तमिळ चित्रपट केले. फरक एवढाच की त्यांच्यामागे अख्खा स्टुडिओ होता, संवाद लेखक आणि साहाय्यक सेटवर हजर असत. आपल्याकडे तो माणूस आपणच शोधून बसवावा लागतो. मला हे पुरतं पटायला शूटचा पहिला दिवस जावा लागला.

७ मार्च : कॅमेरा टेस्ट

आम्ही शूट करतोय तिथली वीज ५० हर्ट्झची. म्हणून सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५० सेकंद, म्हणजे दिवे लुकलुकत नाहीत. कॅमेरामनला २४ फ्रेमच हवे होते, ते केले असते तरी शटर १७२.८ अंशांवर (शटर अंशांतही मोजतात, हे तेच १/५०) ठेवून लुकलुकणं टाळता आलं असतं. मी २५ धरले, कारण एडिटचं मशीन आणि बाकी सगळं साहित्य २५चं होतं. हा निर्णय पुढे महाग पडला, त्याची नोंद जुलैत आहे.

एक मोह याच दिवशी झाला. भांडणाचा सीन एकदा इंग्रजीत आणि एकदा तिघांनी आपापल्या भाषेत, असा दोनदा शूट करायचा. प्रभातने १९३२ साली 'अयोध्येचा राजा' मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत काढला होता, मग आपण एक सीन का नाही? टेस्टच्या निम्म्या दिवसात करून पाहिलं. आपापल्या भाषेत भांडताना तिघंही इतकी हुशार आणि धारदार झाली की फिल्मचा मुद्दाच गेला. भांडण फसतं ते तोडक्या इंग्रजीमुळे. कल्पना सोडली, अर्धा दिवस गेला.

१५ मार्च : शूट, पहिला दिवस

अरबी फोन. सहावा टेक दिसायला सुंदर, प्रकाश नेमका, शेवटचा थांबा नेमका. मी 'ओके' म्हटलं, सेटअप (कॅमेरा-दिव्यांची मांडणी) मोडला, दिवे हलवले. जेवताना नटी म्हणाली, "ताई, त्या टेकमध्ये १७ नंबरचं वाक्य मी गिळलं, तुम्ही ओके म्हणालात म्हणून बोलले नाही." १७ नंबरच्या वाक्यात ती आईशी खोटं बोलते. त्याशिवाय फोनला अर्थ नाही. परत दिवे लावले. दुपार गेली आणि संध्याकाळचा एक सेटअप कायमचा गेला.

तिच्यासोबत आलेली तिची मैत्रीण कैरोचीच, सेटवर नुसती बसून होती. तिला दुसरे हेडफोन दिले, हातात तक्ता दिला, दिवसाचा मेहनताना ठरवला आणि सगळ्यांसमोर सांगितलं, हिने लाल कार्ड दाखवलं की टेक गेला, मग मला तो कितीही आवडलेला असो. तिचं नाव आम्ही 'कान' ठेवलं. नुसती बसवून चालत नाही, रिटेक मागायचा अधिकार सगळ्यांदेखत द्यावा लागतो, नाहीतर दिग्दर्शक खूश दिसली की भाषा जाणणारा माणूस गप्प बसतो. दुभाष्याचंही हेच झालं होतं.

टेकच्या नोंदीतही रकाने दोन केले : 'भाषा' आणि 'बाकी'. पहिला 'कान' भरते, दुसरा मी. दोन्हीकडे बरोबरची खूण असेल तोच टेक एडिटला जातो. दुसऱ्या दिवशी स्पॅनिशसाठीही एक 'कान' आणला. स्पॅनिश मला येतं या भ्रमात मी तो नेमणारच नव्हते.

१६ मार्च : भांडण

पटकथेतला माझा आवडता सीन : तिघंही एकदम बोलतात. सेटवर मजा आली. रात्री फुटेज पाहताना साउंड करणाऱ्याने विचारलं, "याची सबटायटलं कशी लावणार?" एका वेळी पडद्यावर दोन ओळी, म्हणजे फार तर दोन माणसं. तिसऱ्याचं काय? आणि आवाज तिन्ही माइकमध्ये एकमेकांवर सांडलेले. प्रत्येकाला कॉलर माइक होता, तरी खोली लहान असल्याने शेजारच्याचं बोलणं प्रत्येकात ऐकू येत होतं.

सकाळी उरलेल्या वेळात दोन गोष्टी घेतल्या. तिघांचे संवाद एकेकट्याने, कॅमेऱ्याशिवाय, त्याच खोलीत, त्याच अंतरावर. आणि एक मिनिट नुसता खोलीचा आवाज. यांच्यामुळे सीन वाचला. एडिटमध्ये ठरलं की गलका गलकाच राहील, सबटायटल फक्त त्या क्षणी ज्याचा चेहरा पडद्यावर आहे त्याचं. बाकी दोघांचं बोलणं प्रेक्षकालाही कळत नाही. घरातल्या तिघांनाही नेमकं तेवढंच कळत असतं.

२९ मार्च : मेक्सिकोचं फुटेज

स्पॅनिश फोनची पलीकडची बाजू, म्हणजे आई, मेक्सिकोत एका ओळखीच्या मुलाने मोबाइलवर शूट करून पाठवली. तिथे वीज ६० हर्ट्झची. त्याला २५ फ्रेम सांगितले होते, शटरचं सांगायचं राहिलं, स्वयंपाकघरातली ट्यूब पूर्ण शॉटभर धडधडतेय. २५ फ्रेमला ६० हर्ट्झखाली शटर १/६०, म्हणजे १५० अंश लागतं. एक ओळ मेसेजमध्ये लिहिली असती तर झालं असतं.

दुसरी भानगड मोबाइलची. बहुतेक मोबाइल फ्रेमचा वेग स्थिर ठेवत नाहीत, प्रकाशाप्रमाणे कमीजास्त करतात. टाइमलाइनवर घेतल्यावर पहिल्या मिनिटाला ओठ जुळत होते, शेवटी आई आधी बोलते आणि तोंड मागून हलतं. 'हँडब्रेक' नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये स्थिर वेगाची नवी फाइल केली, मग जुळलं. ट्यूबचे शॉट परत मागवले. त्या मुलाने न कुरकुरता दिले, यावेळी ट्यूब बंद करून खिडकीच्या उजेडात. ते पहिल्यापेक्षा चांगले आले.

१२ एप्रिल : एडिट

एडिटरला मराठी येत नाही, अरबी येत नाही. पहिल्या दिवशी त्याने कापलेल्या अरबी तुकड्यांत निम्मी वाक्यं क्रियापदाच्या आधीच तुटलेली. त्याला श्वास ऐकू येत होता आणि श्वासावर कापत होता, जे एरवी बरोबरच असतं.

बोलणं ऐकून आपोआप लिखाण करून देणारं एक एआय मॉडेल वापरून पाहिलं. ते सुरुवातीच्या काही सेकंदांवरून भाषा ठरवतं आणि पुढे तीच धरून चालतं. आमच्या मराठी फोनची सुरुवात 'हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का' अशी, त्यात मध्ये मध्ये इंग्रजी. त्याने पूर्ण फोन भलत्याच भाषेचा म्हणून लिहून काढला. शांत जागांत तर कोणी न उच्चारलेली वाक्यं घातली. फाइल भाषेप्रमाणे तोडून, भाषा आपण सांगून दिली की मराठी आणि स्पॅनिश कामापुरतं येतं. इजिप्तच्या बोलीत मात्र ते वारंवार प्रमाण अरबीकडे घसरत होतं, तिथे नाद सोडला.

शेवटी तक्ताच कामी आला. 'कान' दोन दिवस बसली, प्रत्येक निवडलेल्या टेकवर वाक्याचा क्रमांक सुरू होतो तिथे आणि संपतो तिथे खूण केली. मी त्या खुणांवर मराठी अर्थाची, एडिटरसाठी इंग्रजी अर्थाची तात्पुरती सबटायटलं टाकली. त्यानंतर एडिटर श्वासाऐवजी खुणांवर कापायला लागला आणि वेग आला. हे पहिल्या दिवशी केलं असतं तर जवळपास आठवडा वाचला असता.

३ मे : रफ कट (एडिटचा कच्चा खर्डा) दाखवला

दोन गटांना वेगवेगळा दाखवला, एक मराठी जाणणारा आणि एक न जाणणारा. मराठी फोनमध्ये एक ओळ आहे, शेवटच्या दोन शब्दांत सगळा विनोद. मराठी गट वेळेवर हसला. दुसरा गट नटाने तोंड उघडायच्या आत हसला, कारण सबटायटलमध्ये पूर्ण वाक्य एकदम दिसत होतं. नट बिचारा मग शांततेत विनोद करतोय.

ओळ दोन सबटायटलांत तोडली, दुसरं शेवटच्या दोन शब्दांवरच येतं. त्यासाठी नटाच्या थांब्याला काही फ्रेम वाढवाव्या लागल्या. मग सगळीच सबटायटलं या नजरेने तपासली. खोटं बोलण्याच्या जागा, कबुलीच्या जागा, शिवी. कुठेही लिखाण माणसाच्या आधी पोचता कामा नये.

उलटा प्रकारही होता. स्पॅनिश फोन इतका वेगात की प्रत्येक वाक्य लावलं तर प्रेक्षक फक्त वाचतच बसतो, नटीचा चेहरा बघायला वेळच नाही. प्रौढांसाठी सेकंदाला १७ ते २० अक्षरं हा सर्वसाधारण वेग धरतात. आमचा २८च्या पुढे जात होता. तिच्या पुनरुक्त्या, 'बघ ना', 'म्हणजे काय' वगैरे सबटायटलांतून काढल्या. त्या तिच्या आवाजात ऐकू येतातच.

२१ मे : पांढऱ्यावर पांढरं

मशीन पांढरं, साबणाचा फेस पांढरा, फरशी फिकी. आणि कॅमेरामनने मशीनचे सगळे शॉट खालून, मशीन फ्रेमच्या खालच्या तिसऱ्या भागात ठेवून घेतलेले. पांढरी सबटायटलं नेमकी फेसावर. काळी किनार जाड केली तर बटबटीत दिसतं, पिवळी केली तर अख्ख्या फिल्मला जुन्या टीव्हीची कळा येते. तीन भाषांना तीन रंग देण्याचा प्रयोग मी आधीच करून सोडला होता, बघणारे रंगांचा हिशोब लावत बसायचे.

पुन्हा शूट करण्याइतके पैसे नव्हते. दोन शॉटमध्ये सबटायटल वर नेलं, दोनमध्ये चित्रच किंचित वर सरकवून खाली जागा केली, एकात फेसाचा उजेड रंग दुरुस्तीत उतरवला. सबटायटल लागणारी फिल्म असेल तर मॉनिटरवर खालच्या भागात चिकटपट्टीची एक रेघ मारून ठेवा आणि त्याखाली पांढरं काही येऊ देऊ नका. कॅमेरामन नाखूश होईल. होऊ द्या.

२ जून : मराठी सबटायटलं

घरच्यांसाठी अरबी-स्पॅनिश भागांची मराठी सबटायटलं केली. दोन अडथळे आले, दोन्ही फक्त आपल्या लिपीचे.

पहिला, एडिटच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं तुटली आणि वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला गेली. फॉन्ट बदलत एक रात्र घालवली. दोष फॉन्टचा नव्हताच, अक्षरजुळणी करणाऱ्या भागाचा होता. सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिपींसाठीचा वेगळा पर्याय निवडला आणि प्रोग्राम बंद करून उघडला, तेव्हा सुटलं. फाइल यूटीएफ-८ (सगळ्या लिप्या चालणारी साठवण) मध्ये सेव्ह केलीय ना, हेही पाहा, नाहीतर दुसऱ्याच्या संगणकावर भलतीच अक्षरं किंवा नुसती प्रश्नचिन्हं दिसतात.

दुसरा, मोजणीचा. वेग तपासणारं सॉफ्टवेअर निम्मी मराठी सबटायटलं लाल दाखवत होतं. मी दोन दिवस ती छाटत बसले आणि मराठी तारेच्या भाषेसारखी झाली. मग लक्षात आलं, काना, मात्रा, वेलांटी, हलन्त असं सगळं ते वेगवेगळं अक्षर म्हणून मोजतं. 'क्ष' म्हणजे त्याच्या लेखी तीन, 'स्त्री' म्हणजे सहा. वाचणारा मात्र 'स्त्री' एका नजरेत वाचतो. ओळीला ४२ अक्षरं, फार तर दोन ओळी, एक सबटायटल जास्तीत जास्त ७ सेकंद, दोन सबटायटलांत निदान दोन फ्रेमची फट, हे नेटफ्लिक्सच्या मार्गदर्शिकेतले नियम आम्ही इंग्रजीला लावले. मराठीला फट आणि सेकंद तेच ठेवले, अक्षरांची मोजणी सोडून दिली आणि मोठ्याने वाचून वेळ लावला. छाटलेलं सगळं परत भरलं.

अरबी सबटायटलांत पूर्णविराम आणि प्रश्नचिन्ह ओळीच्या उलट्या टोकाला जाऊन बसत होते. उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या लिपीचं हे ठरलेलं दुखणं. 'सबटायटल एडिट' नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी तयार पर्याय आहे. 'कान'कडून तपासून घेतलं.

३० जून : कागद आणि पैसे

नटांशी करार इंग्रजीत केले होते. अरबी भूमिकेतलीच्या वडिलांनी तो वाचायला मागितला, तेव्हा तिलाही त्यातली दोन कलमं नीट कळलेली नव्हती हे लक्षात आलं. तिघांना आपापल्या भाषेत प्रत दिली, सही दोन्हींवर. श्रेयनामावलीत नावं कशी लिहायची हेही लेखी घेतलं. लिपी बदलली की एकाच नावाची चार स्पेलिंगं होतात, आणि एक चुकीचं नाव पोस्टरवर गेलंच होतं.

खर्चाचा हिशेब मांडला. भाषांतर, दोन्ही 'कान', दुभाषी, सबटायटलं आणि त्यांची तपासणी मिळून एकूण खर्चाचा जवळपास चौथा हिस्सा. सुरुवातीच्या अंदाजात या सगळ्यापुढे मी फक्त 'भाषांतर, तीन पानं' लिहिलं होतं. लेन्सच्या भाड्यापेक्षा हे जास्त झालं. पुन्हा केलं तर एक लेन्स कमी घेईन.

१९ जुलै : थिएटरची प्रत

एका महोत्सवाने डीसीपी (थिएटरात चालवायची डिजिटल प्रत) मागितली, २४ फ्रेमची. इथे मार्चचा निर्णय अंगावर आला. २५ची फिल्म २४ने चालवली की ती सावकाश होते : १४ मिनिटांची १४ मिनिटं ३५ सेकंद. आवाज किंचित जड होतो, तो पुन्हा मूळ सुरात आणावा लागला. चित्राकडे बघून कुणाला कळत नाही. सबटायटलं मात्र मी जुन्याच वेळांची वेगळी फाइल म्हणून पाठवली. मिनिटाला अडीच सेकंद घसरण. शेवटच्या फोनपर्यंत सबटायटल अर्ध्या मिनिटाहून जास्त पुढे धावत होतं, म्हणजे आई फोन उचलायच्या आधी मुलगी रडून मोकळी. तांत्रिक तपासणीत पकडलं गेलं, प्रेक्षकांसमोर नाही. फ्रेमचा वेग बदलायचा पर्याय 'सबटायटल एडिट'मध्ये आहे, एका मिनिटाचं काम.

डीसीपी घरीच डीसीपी-ओ-मॅटिक या सॉफ्टवेअरमध्ये केली, फुकट आहे आणि चांगलं आहे. आमचं चित्र १९२० बाय १०८०, थिएटरची 'फ्लॅट' चौकट १९९८ बाय १०८०, त्यामुळे दोन्ही बाजूंना ३९ पिक्सेलच्या काळ्या पट्ट्या राहतात. चित्र ताणून त्या भरायच्या नाहीत.

सबटायटलं चित्रात भाजून टाकलेली प्रत एक, आणि पूर्ण स्वच्छ प्रत दुसरी, दोन्ही ठेवा. संवाद सोडून बाकी आवाजांचा ट्रॅकही वेगळा काढून ठेवा. आम्ही तो भांडणाच्या सीनपुरता काढलेला नाही. तिघांचे आवाज एकमेकांत सांडलेत, त्यामुळे त्या सीनचं डबिंग कधी होणार नाही.

८ ऑगस्ट : प्रवेशिका

जवळजवळ प्रत्येक अर्जात 'फिल्मची मूळ भाषा' हा रकाना असतो आणि पुष्कळ ठिकाणी एकच निवडता येते. वेळ मोजली. इंग्रजी सगळ्यात जास्त, पण निम्म्याहून कमी. हा हिशेब उगाच नाही. ऑस्करच्या आंतरराष्ट्रीय विभागात निम्म्याहून जास्त संवाद इंग्रजीखेरीज हवेत, आणि त्याच नियमावर २०१९ साली नायजेरियाची 'लायनहार्ट' बाद झाली होती. तो विभाग पूर्ण लांबीच्या चित्रपटांचा, आम्हाला लागू नाही. तरी संवादांची भाषावार मिनिटं मोजून ठेवली, दोन अर्जांत विचारलीच.

'देश' या रकान्यावर मात्र अडले. पैसा एका देशातून आला, शूट दुसऱ्यात, एक सीन तिसऱ्यात, माझं पारपत्र चौथ्याचं. एका आयोजकांना विचारल्यावर उत्तर आलं, निर्मितीचा पैसा जिथला तो देश लिहा, बाकीचे टिपणात. तसंच सगळीकडे लिहायला लागले.

दोन ठिकाणी निवड झाली, बरेच नकार आले. एका निवड झालेल्या महोत्सवाने आता कर्णबधिरांसाठीची सबटायटलं मागितली आहेत, त्यात कोण बोलतंय आणि मशीनचा, दाराचा, फोनचा आवाजही लिहायचा असतो. भांडणाच्या सीनमध्ये एका माणसाचंच बोलणं लिहायचं हा आमचा नियम तिथे चालणार नाही, बाकी दोघं बोलतायत हे तरी सांगावं लागेल. 'दोघंही एकदम बोलतात' असं चौकटी कंसात लिहून पाहिलंय, 'कान' तपासतेय. स्पॅनिशच्या फाइलचं काम पुढच्या आठवड्यात.